दुपारी ऊन कडक आणि सोलर बंद : ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ येऊन इन्व्हर्टर सारखा ट्रिप होत असेल तर आधी वायर तपासा

आमच्याकडे हा त्रास दोन हिवाळे चालला म्हणून सविस्तर लिहितो, कोणाचा तरी एक हिवाळा वाचला तरी पुष्कळ झालं. नागपूरहून काटोल रोडनं तासाभरावर आमचं घर आहे, संत्र्याच्या बगीच्याला लागून. आई-बाबा तिथं राहतात, मी नागपुरात नोकरीला, शनिवारी-रविवारी जातो. छतावर ५५० वॉटच्या ९ प्लेटा म्हणजे जवळपास ५ किलोवॉट, सिंगल फेज ऑनग्रिड इन्व्हर्टर (प्लेटांची डीसी वीज एसी करून लाईनला जोडणारं मशीन), नेट मीटर (घेतलेली नि दिलेली वीज दोन्ही मोजणारा).

लक्षण असं, की सकाळी दहापर्यंत सगळं छान, मग ऊन चढलं की इन्व्हर्टर टक करून बंद, लाल लाईट, ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’, म्हणजे लाईनचा व्होल्टेज हद्दीच्या वर गेला. मिनिटभरानं आपोआप चालू, हळूहळू पॉवर चढते, दोन-तीन किलोवॉटवर गेला की परत बंद, असं दुपारी अडीच-तीनपर्यंत. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये ग्राफ बघितला तर डोंगरासारखा गोल दिसायच्या ऐवजी करवतीचे दाते. ५ किलोवॉटला आपल्याकडं चांगल्या उन्हात दिवसाला २० युनिटच्या आसपास यायला पाहिजे (ढोबळ हिशोब किलोवॉटला ४ युनिट), आमचे यायचे १२, कधी ११. बाबांचा दर दोन दिवसांनी फोन, “अरे ऊन तर कडक पडून राहिलं, मग हे काहून बंद पडून राहिलं?” आणि माझ्याकडं उत्तर नाही.

सोलर लावणाऱ्याला बोलावलं तर तो म्हणे आमच्याकडून सगळं ओके आहे, ग्रिडचा प्रॉब्लेम आहे. लाईनमन भाऊ आले तर ते म्हणे लाईन बरोबर आहे, तुमच्या सोलरमध्येच फॉल्ट आहे. पहिल्या हिवाळ्यात वॉरंटीत इन्व्हर्टरसुद्धा बदलून झाला, तीन आठवडे त्यात गेले, नवीन इन्व्हर्टर लावला आणि दुसऱ्याच दिवशी साडेदहाला तोच लाल लाईट. तेव्हा डोक्यात आलं की मशीन बदलून जर दुखणं तेच असेल तर दुखणं मशीनमध्ये नाही.

आता कारण सांगतो, हे समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. ड्रिप लावलेल्यांना तर लगेच समजेल. मोटरचं सगळं पाणी जर १६ एमएमच्या एका नळीतून काढायला गेलो तर मोटरच्या तोंडाशी प्रेशर किती चढेल? पाणी तेवढंच, पण नळी बारीक आणि लांब, म्हणून ढकलायला प्रेशर जास्त. विजेचं तसंच. रात्री डीपीकडून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरकडून) घराकडं वीज येते तेव्हा घराच्या टोकाला व्होल्टेज पडते. दुपारी उलटं होते, इन्व्हर्टरला वीज घराकडून डीपीकडं ढकलायची असते, म्हणून त्याला आपल्या टोकाचा व्होल्टेज डीपीपेक्षा वर न्यावाच लागते, त्याशिवाय करंट तिकडं जाणारच नाही. वायर जितकी बारीक, जितकी लांब, जॉइंट जितके खराब, तितका व्होल्टेज जास्त चढणार. आणि इन्व्हर्टरला वरची हद्द ठरवून दिलेली असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमात व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर गेला की २ सेकंदांच्या आत सोलरनं ग्रिडपासून सुटायचं असं आहे, २३० व्होल्टचे ११० टक्के म्हणजे २५३. म्हणजे इन्व्हर्टर बंद पडत होता तो नियमानुसार बरोबरच वागत होता, बिघाड त्याच्या पुढं कुठंतरी होता.

पहिली टेस्ट फुकटची आहे, कोणालाही बोलवायची गरज नाही. भर दुपारी, ट्रिप व्हायच्या वेळेला, घरातलं मोठ्यात मोठं लोड चालू करा. आम्ही २ किलोवॉटचा गीझर चालू केला, नळ सोडून ठेवला म्हणजे तो कट होणार नाही. बाबा इन्व्हर्टरसमोर खुर्ची टाकून बसले. वीस मिनिटं एकदाही ट्रिप नाही. गीझर बंद केला, चार मिनिटांत लाल लाईट. परत चालू केला, परत सुरळीत. कारण गीझरनं २ किलोवॉट घरातच खाल्ले, बाहेर ढकलायचा करंट कमी झाला, व्होल्टेज खाली राहिला. तुमच्याकडंही असंच झालं तर ९० टक्के आजार हाच समजा.

दुसरी टेस्ट, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची, की व्होल्टेज चढते नेमका कुठं. ह्यासाठी दोन माणसं आणि दोन मोबाईल लागतात. आमचा मीटर रस्त्यालगत गेटजवळ पेटीत आहे आणि घर तिथून ८० मीटर आत, गावाकडं बऱ्याच घरांचं असंच असते. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर एसी व्होल्टेज दिसते, मीटरच्या स्क्रीनवरही बटण दाबत गेलं की व्होल्टेज येते, त्यामुळे काही खोलायची गरज नाही, मीटरच्या सीलला तर हातच लावायचा नाही. एकानं मीटरपाशी उभं राहायचं, एकानं इन्व्हर्टरपाशी, आणि फोनवर बोलत एकाच वेळी आकडा वाचायचा. आधी सोलर बंद करून, मग चालू करून. आमचे आकडे कागदावर लिहिलेले अजून आहेत. सोलर बंद, मीटरवर २४२, इन्व्हर्टरवरही २४२. सोलर चालू, सकाळी दहाची वेळ, अडीच किलोवॉट म्हणजे साधारण १० अँपिअर, घरात लोड जवळपास नाही, तेव्हा मीटरवर २४४ आणि इन्व्हर्टरवर २५३.

आता वजाबाकी करा. डीपीपासून मीटरपर्यंत चढले फक्त २ व्होल्ट. मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंत चढले ९ व्होल्ट. म्हणजे लाईनमन भाऊ खोटं बोलत नव्हते, लाईन बरोबर होती. सोलरवालाही खोटं बोलत नव्हता. दोघांच्या मधली ८० मीटर वायर आमची होती आणि तिच्याकडं कोणीच बघितलं नव्हतं. मीटरच्या पुढची वायर ग्राहकाची, तिची जबाबदारी आपली, हे पक्कं लक्षात ठेवा. जर तुमच्या वजाबाकीत उलटं निघालं, म्हणजे सोलर चालू केल्यावर मीटरवरच दहा-बारा व्होल्ट चढले, तर मग तो सर्व्हिस वायरचा, पोलवरच्या जॉइंटचा किंवा डीपीचा विषय आहे आणि तक्रार वीज ऑफिसात करायची, घरात पैसे घालून उपयोग नाही.

आमची ती वायर म्हणजे ६ स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियम केबल. घर बांधलं तेव्हा चार बल्ब, दोन पंखे नि एक टीव्ही होता, त्या हिशोबानं बाबांनी टाकलेली, तेव्हा बरोबरच होती. ६ स्क्वेअर अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स किलोमीटरला ४.६१ ओम असते. जाणं-येणं धरून १६० मीटर, म्हणजे ०.७४ ओम. १० अँपिअरला ७.४ व्होल्ट. दुपारी १८ अँपिअर निघाले तर १३ व्होल्टच्या वर, मग २५३ च्या आत राहणार कसं? शिवाय तेवढ्या करंटला २४० वॉट त्या केबलमध्येच नुसते गरम होण्यात जात होते, म्हणजे तीन जुने पंखे दुपारभर फुकट चालवल्यासारखं.

पण हिशोब ७.४ चा आणि मोजमाप ९ चं, दीड व्होल्ट कुठं गेले? हे मला दोन दिवस सुचत नव्हतं. मग केबलवर हात फिरवत गेलो (मीटरपाशी मेन बंद करून आणि सोलरही बंद करून, हे सांगायची गरज पडू नये), तर गोठ्याच्या भिंतीवर एक जॉइंट सापडला, काळी टेप गुंडाळलेली, टेप वितळून चिकट झालेली. इकडून तांबं, तिकडून अ‍ॅल्युमिनियम, नुसती पिळून जोडलेली. तांबं-अ‍ॅल्युमिनियम असं सरळ जोडलं की ओलाव्यानं तिथं गंज धरते, अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साईडचा थर चढते, जॉइंट ढिला होत जाते. १० अँपिअरला दीड व्होल्ट म्हणजे ०.१५ ओम, दुपारच्या १८ अँपिअरला तिथं जवळपास ५० वॉट उष्णता, एका जागेवर, टेपच्या आत. सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून भिंतीला टेकवल्यासारखं. आणि वरती कुटाराचा, म्हणजे सुक्या चाऱ्याचा ढीग. तो जॉइंट बघून माझ्या पोटात गोळा आला, युनिट गेले ते गेले, पण तिथं आग लागली असती तर गोठ्यात दोन गाई बांधलेल्या असतात. म्हणून वजाबाकीत हिशोबापेक्षा जास्त व्होल्ट निघाले तर थांबू नका, जॉइंट शोधाच.

इलाज काय केला. नागपूरच्या इतवारीतून २५ स्क्वेअर एमएमची दोन कोअर अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड (वरून धातूचं कवच असलेली) केबल आणली, एका तुकड्यात, मध्ये एकही जॉइंट नाही. १६ स्क्वेअरही चालली असती, तिचा रेझिस्टन्स १.९१ असते, पण आमच्याकडं १८ अँपिअरला साडेपाच व्होल्ट झाले असते आणि व्होल्टेज जास्त असलेल्या दिवशी काठावर राहिलो असतो, २५ ला साडेतीन व्होल्टच. एकदा खोदकाम करायचंच तर जाड टाका असं माझं मत. खर्च इन्व्हर्टरच्या किमतीच्या निम्म्याहून कमी आला. दोन्ही टोकांना बायमेटॅलिक लग (तांबं नि अ‍ॅल्युमिनियम जोडायची खास टोपी) लावून क्रिम्पिंग मशीननं दाबून घेतले, पक्कडीनं नाही, वायरमन पक्कड काढत असेल तर नम्रपणे थांबवा. केबल अडीच फूट खोल, खाली-वर वाळू, वाळूवर विटा, आणि ट्रॅक्टर जातो तिथं जाड पाईपातून. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगा देते नि पावसाळ्यात फुगते, केबल ताणून टाकली तर ओढल्या जाते, म्हणून दोन्ही टोकांना एकेक वेटोळं ढील ठेवली. आर्मरला अर्थिंग दिलं. हे सगळं लायसन असलेल्या वायरमनकडून करून घ्या, आणि सोलरच्या डीसी बाजूला कोणी हात लावू नका, एसी मेन बंद केला तरी ऊन आहे तोवर प्लेटांच्या वायरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा, मीटरवर २४६, इन्व्हर्टरवर २५०, पूर्ण पॉवर. बाबांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. त्या दिवशी २१ युनिट झाले.

पण कहाणी इथं संपली नाही. संक्रांतीनंतर काही दिवस परत ट्रिप व्हायला लागलं, रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. परत वजाबाकी केली, ह्यावेळी घरची वायर बरोबर होती, सोलर बंद असतानाच मीटरवर २४९-२५० दिसत होते. झालं असं की सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आल्यापासून (३ किलोवॉट आणि वर ७८ हजार सबसिडी) आमच्या डीपीवर अजून तीन घरी सोलर लागलं, चांगली गोष्ट आहे, पण तपासल्यावर निघालं की चारही घरं एकाच फेजवर, म्हणजे डीपीतून निघणाऱ्या तीन फेजच्या तारांपैकी एकाच तारेवर. हिवाळ्यात दुपारी कूलर बंद, पंखे बंद, माणसं वावरात, गावठाण फीडरवर (गावातल्या घरांच्या लाईनवर) लोडच नाही आणि चार छतांवरून वीज त्याच एका फेजवर, मग व्होल्टेज चढणारच.

ह्यासाठी वीज ऑफिसात लेखी अर्ज दिला. नुसतं ‘व्होल्टेज जास्त आहे’ असं लिहिलं असतं तर तो कागद तसाच पडून राहिला असता असं मला वाटते. आम्ही पाच दिवसांची वही जोडली, तारीख, वेळ, सोलर बंद असताना मीटरवर किती, चालू असताना किती, आणि शेजारच्या दोन घरचे आकडेही. इंजिनिअर साहेबांनी ती वही वाचली, माणूस पाठवला, दोन घरं दुसऱ्या फेजवर घेतली, पोलवरचा न्यूट्रलचा (परतीच्या तारेचा) जॉइंट घासून नवीन केला. अर्ज घेतच नसतील तर १९१२ वर तक्रार नोंदवून नंबर घ्या. डीपीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) खाली करा असं बरेच जण सुचवतात, मोठ्या ट्रान्सफॉर्मरला ते होते, पण गावातल्या लहान डीपींना बरेचदा टॅपच नसतात, आणि असले तरी ते सगळ्या गावाचा व्होल्टेज खाली आणतात, मग मे महिन्यात सगळे कूलर चालू झाले की शेवटच्या घरी पंखा फिरायचा नाही. म्हणून फेज वाटून घेणं आधी.

न्यूट्रलबद्दल वेगळं सांगतो कारण तो धोक्याचा आहे. थ्री फेज घरात एका फेजवर मोठं लोड चालू केल्यावर दुसऱ्या फेजचा व्होल्टेज चढत असेल, बल्ब एकदम जास्त उजळत असतील, किंवा शेजारच्याची मोटर चालू झाली की तुमचा व्होल्टेज वीस-तीसनं हलत असेल, तर तो सोलरचा विषय नाही, न्यूट्रल ढिला आहे. तेव्हा टेस्ट-बिस्ट करत बसू नका, मेन पाडा आणि लगेच तक्रार करा, फ्रीज-टीव्ही जळतात त्यानं.

काय करू नये हेही लिहितो. आम्हाला एकानं सांगितलं की इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये पासवर्ड टाकून हद्द २७० करून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. कृपा करून करू नका. तो व्होल्टेज तुमच्या इन्व्हर्टरपुरता राहत नाही, तुमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला मिळते आणि थोडाफार शेजाऱ्यालाही, आणि खराब जॉइंट असेल तर तो अजूनच तापते. सेटिंगमध्ये एक गोष्ट मात्र जरूर बघायला सांगा, देश भारत निवडलेला आहे का, कारण दुसऱ्या देशाचं सेटिंग राहिलं तर हद्दी वेगळ्या असतात. आणि तुमच्या इन्व्हर्टरमध्ये ‘व्होल्ट-वॉट’ नावाची सोय असेल तर ती सोलरवाल्याकडून चालू करून घ्या, मग व्होल्टेज काठावर आला की तो एकदम बंद न पडता पॉवर थोडी कमी करते, शून्यापेक्षा सत्तर टक्के बरे. मध्ये स्टॅबिलायझर टाकायचा सल्लाही मिळेल, त्याच्या वाटेला जाऊ नका, तो एका बाजूनं वीज घेऊन दुसऱ्या बाजूनं द्यायला बनवलेला असते, इथं वीज दोन्हीकडं जाते.

ह्या सगळ्यात आमच्या घरची एक सवय बदलली ती फार कामाची निघाली. आधी बोरची मोटर पहाटे, गीझर सकाळी सहाला, आटाचक्की संध्याकाळी. आता मोटर आणि टाकी भरणं साडेअकराला, चक्की बारानंतर, वॉशिंग मशीनही दुपारी. दीड एचपीची मोटर चालू असली की जवळपास दीड किलोवॉट बाहेर ढकलावे लागत नाहीत, वायर जुनी असती तर तेवढ्यानंच साडेचार व्होल्ट कमी झाले असते, म्हणजे ज्यांना आज केबल बदलणं जमत नाही त्यांनी निदान हे उद्यापासून करावं. घरच्या मीटरवरून घरचंच पाणी भरा मात्र, बगीच्याचं ओलीत कृषी जोडणीवरूनच. गीझर अजून सकाळीच लागते, आई ऐकत नाही, आणि थंडीत काटोलकडं सकाळी पाणी हातात घेववत नाही हेही खरं.

उन्हाळ्यात पॉवर कमी दिसली तर ती ह्या आजारात धरू नका. मे महिन्यात, नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) तर नक्कीच, कूलरमुळे गावाचा व्होल्टेज खालीच असते, तेव्हा ओव्हर व्होल्टेज येत नाही, पण प्लेटा ६५-७० डिग्रीपर्यंत तापतात आणि २५ डिग्रीच्या वर दर डिग्रीला साधारण ०.३५ टक्का पॉवर जाते, म्हणजे चौदा-पंधरा टक्के असेच गेले. त्याला इलाज नाही, फक्त इन्व्हर्टर सावलीत ठेवा. आमचा पश्चिमेच्या भिंतीवर टिनाखाली होता, दुपारी तीनला हात लावता येत नव्हता, तापला की तो स्वतःच पॉवर कमी करते. उत्तरेच्या ओसरीत हलवला, वर-खाली हात-हातभर जागा मोकळी ठेवली. प्लेटा सूर्य उगवायच्या आधी धुवा, तापलेल्या काचेवर बोरचं पाणी टाकलं की क्षाराचे पांढरे डाग बसतात आणि मग ते निघत नाहीत.

आणि पावसाळ्यात सकाळी ‘आयसोलेशन फॉल्ट’ (प्लेटांच्या वायरमधून वीज जमिनीकडं झिरपते अशी सूचना) येत असेल, नऊ-दहाला ऊन पडल्यावर आपोआप जात असेल, तर तो प्लेटांखालच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरल्याचा. आमच्याकडं वांदरं वायर ओढतात, त्यानं कनेक्टर अर्धवट निघाला होता. वायरी पाईपात घालून फ्रेमला बांधून घेतल्या, ह्या पावसाळ्यात एकदाही आला नाही.

तुम्हाला काही विचारायचं असेल तर एवढं लिहून पाठवा : किती किलोवॉट, मीटरपासून इन्व्हर्टर किती मीटर, वायर कोणती आणि किती स्क्वेअर, आणि दुपारचे चार आकडे, सोलर बंद असताना मीटरवर नि इन्व्हर्टरवर, चालू असताना मीटरवर नि इन्व्हर्टरवर, सोबत त्या वेळेला स्क्रीनवर किती किलोवॉट होते ते. वायर किती स्क्वेअर आहे ते सालावर छापलेलं असते, पुसलं असेल तर टोकाचा फोटो पाठवा.